मटणामागे एक गोळी

“मी खाली उतरत नाही. तू इकडंच आणून दे,” नामदेवभाऊ मोटरसायकलवर बसूनच ओरडले. हॉर्न वाजवत होते ते वेगळंच.

दुकानात गर्दी होती. दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे आमच्या धंद्यात पोटाचा सीझन. अर्धं गोंदिया ॲसिडिटीची गोळी मागतं, उरलेलं अर्धं जुलाबाची. काउंटरवर मी एकटा. समोर एक बाई तिच्या सासूच्या डोळ्यांत टाकायचं औषध कानात टाकलं तर चालेल का, हे विचारत होती. तिला “नाही” म्हणालो आणि बाहेर पाहिलं.

नामदेवभाऊ माझे साडभाऊ. म्हणजे माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडचे लोक साडू म्हणतात, आम्ही त्याला भाऊ जोडतो, म्हणजे भांडायला सोपं जातं. बिरसीला त्यांची धानाची शेती. हा माणूस माझ्या दुकानी आला की कधी बाहेर उभा राहत नाही. फळी वर करून सरळ आत येतो, माझ्या खुर्चीत बसतो, पंखा स्वतःकडे वळवतो आणि माझ्या गिऱ्हाइकांना सल्ले देतो. एकदा तर मी बाथरूमला गेलो तेवढ्यात त्यांनी एका माणसाला खोकल्याचं औषध बदलून दिलं होतं. असा माणूस दुकानाच्या दोन पायऱ्या चढायला तयार नव्हता.

मी बाहेर गेलो.

“काय पाहिजे?”

“ते दर्दची गोळी दे, लाल वाली. दोन पत्ते. अन् ते चरबीची गोळी.”

“चरबीची? ती तर दिवाळीच्या आधी नेली ना. महिन्याची.”

“संपली.”

“संपली कशी?”

“खाल्ली म्हणून संपली! तुह्यासारखा दुकानात सजवून ठेवतो का मी?”

बाजूच्या पानठेल्यावरचे दोघं हसले. मीही हसलो, पण घासात खडा लागावा तसं काहीतरी खटकलं.

थोडं समजावून सांगतो. नामदेवभाऊंच्या हृदयाच्या नळीत नागपूरला स्टेंट बसवला होता. स्टेंट म्हणजे बारीक जाळीची नळी. अडलेली रक्तवाहिनी ती उघडी धरून ठेवते. तेव्हापासून त्यांना रोज काही गोळ्या होत्या. त्यातली एक रक्त पातळ राहावं म्हणून, ॲस्पिरिन. एक कोलेस्टेरॉलची, रात्री जेवणानंतर. ह्या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या जातीला आम्ही स्टॅटिन म्हणतो. गावात तिचं नाव चरबीची गोळी. नाव सोपं आहे, लक्षात राहतं. फक्त त्या नावानेच पुढचा घोळ केला.

“पाय दुखून राहिले का?” मी विचारलं.

“मांड्या. अन् खांदे. सारं अंग खिळखिळं झालं बा. गावोगावच्या मंडया चालू आहेत ना, चालणं होते, उभं राहणं होते.”

“किती दिवसांपासून?”

“तू गोळी देतो का पंचनामा करतो?”

मी आत जाऊन साधी पॅरासिटामॉलची स्ट्रिप आणली. तेवढीच. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि तरीही खिशात टाकली.

“हे नाही. हे तर तापाची आहे. लाल पाहिजे.”

“लाल तुम्हाला चालत नाही. स्टेंटवाल्याने ती गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नसते. आणि चरबीची गोळी आत्ता देत नाही. आधी डॉक्टरांना भेटू.”

“म्हणजे तू मले गोळी देत नाही?”

“देत नाही.”

नामदेवभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. साडभावाने साडभावाला भर बाजारात नाही म्हणायचं, हे आमच्याकडे लग्नात पंगतीतून उठवण्याइतकं मोठं आहे.

“हाफ डाक्टर!” ते म्हणाले. “उद्या आमची मंडई आहे. जेवाले ये म्हणून सांगाले आलो होतो. आता तुहं तू पाह्य.”

आणि त्यांनी किक मारली. म्हणजे मारायला पाय उचलला. पाय वर गेला, पण खाली जोरच लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. शेवटी पानठेल्यावरच्या माणसाने येऊन किक मारून दिली. नामदेवभाऊ माझ्याकडे न पाहता निघून गेले. चौकाच्या कोपऱ्यावर दुसरं मेडिकल आहे. गाडी तिथं थांबली. काउंटरवरच्या माणसाने बाहेर येऊन काहीतरी हातात दिलं, आणि गाडी पुढे गेली.

मी पुन्हा काउंटरमागे आलो. बसवेना.

मांड्या दुखणं वेगळं आणि मांडीत जोर नसणं वेगळं. रोवणी म्हणजे भातलावणी करून आलेल्या बाईची कंबर दुखते, पण ती दुसऱ्या दिवशी बांध चढून जाते. दुखतं तरी पाय चालतो. इथं पाय चालतच नव्हता.

आता ही स्टॅटिनची गोष्ट नीट सांगतो. गोळी चांगली आहे. हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर हे वाचून कोणी उद्यापासून ती बंद करेल आणि मग डॉक्टर माझ्या नावाने बोटं मोडतील. ज्यांना हृदयाचं दुखणं होऊन गेलं त्यांच्यासाठी ही गोळी फार कामाची आहे, आणि बहुतेकांना तिचा काही त्रास होत नाही. काही थोड्या लोकांना मात्र ती स्नायूंत बाधते. अंग दुखतं, मांड्या जड होतात. डोस वाढला किंवा तिच्यासोबत काही ठरावीक औषधं गेली, तर हा त्रास वाढू शकतो. आणि क्वचित, अगदी क्वचित, स्नायू आतून फुटायला लागतात. फुटलेल्या स्नायूंतला लालसर पदार्थ रक्तात उतरतो. रक्तातून किडनीत जातो. किडनी म्हणजे बारीक गाळणी. त्या गाळणीत हा गाळ बसला की लघवी काळी होते, मग कमी होते, मग किडनीच बसते.

त्यात ही लाल गोळी. त्या गोळीत आयब्युप्रोफेन होतं. धडधाकट माणसाने दाढ दुखली म्हणून एखादी घेतली तर फारसं काही बिघडत नाही. पण ती किडनीकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी करते. हृदयरुग्णाला तिचे आणखी तोटे आहेत. ॲस्पिरिनच्या कामात ती आडवी येऊ शकते. आणि तिचा मोठा गुण हाच की ती दुखणं थांबवते. म्हणजे ओरडणाऱ्या चौकीदाराचं तोंड दाबायचं आणि आत चोरी चालूच.

हे सगळं मला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत मी त्यावर टीपही लिहिली असावी. पण टीप लिहिणं निराळं आणि साडभावाची किक न लागणं निराळं. माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. एका म्हाताऱ्याला बीपीच्या गोळ्या द्यायच्या राहिल्या आणि उरलेले सुट्टे पैसे मात्र दोनदा दिले. त्याने जास्तीचे परत केले. डोळ्यांच्या औषधवाली बाई अजून तिथंच होती. “कानात नाही म्हणता, मग नाकात?” ती म्हणाली. मी हात जोडले.

मग आमच्या ओळखीच्या एमडी डॉक्टरांना फोन लावला. हे डॉक्टर मूळचे रायपूरकडचे, हिंदी बोलतात, आणि माझ्यासारख्या फार्मासिस्टचा फोन उचलतात. हा त्यांचा मोठेपणा.

मी सगळं सांगितलं.

“पेशाब का कलर पूछा?”

“नहीं पूछा, सर. रोड पे थे.”

“मनोहरभाई, रोड पे ही पूछना था. डार्क है तो घर पे मत बिठाना. सीधा लेके आओ. और वो दर्द की गोली और कोलेस्टेरॉल की गोली, दोनों आज से बंद. बाकी कुछ अपने मन से बंद मत करना.”

आता प्रश्न उरला लघवीच्या रंगाचा. नामदेवभाऊ माझा फोन उचलेनात. म्हणून मी शकुताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, फोन लावला. मेहुणी थोरली. मानाची. तिच्याशी आजवर माझं बोलणं म्हणजे “जेवले का?” आणि “पाणी पडला का तिकडं?”

“ताई, जरा एक विचारायचं होतं. भाऊंना लघवीला कशी होते?”

पलीकडून भांड्यांचा आवाज, पाहुण्यांचा गलका.

“का म्हटलं?”

“म्हणजे रंग. रंग कसा असतो?”

फोन कट झाला.

शेवटी सुनंदाला सांगितलं. तिने बहिणीला फोन केला आणि माझ्यापेक्षा निम्म्या वेळात दुप्पट माहिती काढली. नामदेवभाऊ खाटेवरून उठताना बाजूचा बांबू धरतात. संडासला गेले की भिंतीचा आधार घेऊन उठतात. लाल गोळ्या फुटाण्यासारख्या खातात. रंगाचं ताईला माहीत नाही. “तो का मले दाखवते?” असं ती म्हणाली. आणि वर म्हणाली, “तुहा नवरा बरा आहे ना? उन्हात फिरला का?”

मी दुकानाचं शटर ओढलं. भर दुपारी, दिवाळीनंतरच्या गर्दीत. सुनंदा स्कूटरवर मागे बसली. रस्त्यात ती एकदाच बोलली. “काही नसलं ना, तर तुम्हाला पुढच्या दहा मंडयांत कोणी बसायला पाटही देणार नाही.”

मलाही तीच भीती होती. खरं सांगायचं तर, काही नसावं अशीही इच्छा होती आणि पाट मिळावा अशीही.

मंडई म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला पाहिजे. दिवाळी झाली की आमच्या गोंदियाकडच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दुकानं, पाळणे, रात्री नाटक. पण खरी मंडई घराघरात असते. लेकी-जावई, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे येतात, आणि मटण शिजतं. तुम्ही एका गावच्या मंडईला गेलात की एका घरी जेवून सुटका नाही. तिथं तुमची मावशी, पलीकडे मामेभावाची सासुरवाडी, त्यापलीकडे जुना दोस्त. प्रत्येक घरी ताट. नाही म्हटलं तर वर्षभर बोलणं बंद. नामदेवभाऊंची सोयरीक मोठी. त्या आठवड्यात ते रोज एका गावी होते.

बिरसीला पोचलो तेव्हा विमानतळावरची शिकाऊ विमानं डोक्यावर गिरक्या घेत होती. विमान चालवायला शिकवायची शाळा तिथं नव्याने सुरू झाली होती, आणि मान वर करून पाहायचं अजून कोणी सोडलं नव्हतं. नामदेवभाऊंच्या अंगणात मात्र सगळे खालीच पाहत होते. बायका मसाला वाटत होत्या. एका कोपऱ्यात बकरा बांधला होता. मधल्या खाटेवर नामदेवभाऊ, लोडाला टेकून, हुकूम सोडत होते.

“आले का हाफ डाक्टर! बसा. चहा देजो त्याले, पण गोळी नको मागू म्हणा, तो देत नाही.”

सगळे हसले. मी खाटेजवळ गेलो आणि हळूच विचारायचा प्रयत्न केला.

“भाऊ, लघवीचा रंग कसा आहे?”

हळू बोलणं मला जमत नाही. दुकानात बहिऱ्या म्हाताऱ्यांशी बोलून बोलून आवाज तसाच झाला आहे. वाटणाऱ्या बायकांचे हात थांबले.

“काय विचारून राहिला बे हा?” कोपऱ्यातून एक काका म्हणाले.

“सांगा भाऊ,” मी म्हणालो. “आता विचारलंच आहे.”

नामदेवभाऊंनी इकडं तिकडं पाहिलं. मग आवाज खाली आणला.

“बिनदुधाच्या चहावाणी.”

“कधीपासून?”

“काल, परवा. गरमी झाली असंन. थंडा पाणी घेतला की उतरते.”

“चरबीची गोळी कशी घेत होते?” मी विचारलं.

“बरोबर घेत होतो. उलट कमी-जास्त होऊ नाही म्हणून हिशोबानं घेत होतो.”

“म्हणजे?”

“एका घरी मटण खाल्लं, एक गोळी. दुसऱ्या घरी खाल्लं, दुसरी गोळी. चरबी गेली आत, तर गोळी नको का मागून पाठवाले?”

अंगणात कोणी हसलं नाही. उलट दोन-तीन माना हलल्या. बात पटण्यासारखी होती. मलाही क्षणभर पटली, एवढी ती सरळ होती.

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगाले कायले पाहिजे? आमचा तो सोयरा नाही का, शुगरवाला? तो पंगतीत बसाच्या आधी पाहते. गोड आहे म्हटलं की सुई थोडी वाढवते. त्याच्या डाक्टरनंच शिकवला त्याले. मग शुगरले चालते, अन् चरबीले काऊन नाही चालत?”

तर अशी ती गंमत. इन्सुलिनचा डोस जेवणाप्रमाणे कमी-जास्त करायला काही रुग्णांना डॉक्टर शिकवतात, हे खरं आहे. नामदेवभाऊंनी ते शेजारच्या पाटावर बसून पाहिलं आणि आपल्या गोळीला लावलं. पण स्टॅटिन ताटातल्या रश्शाशी भांडत नाही. ती यकृतात काम करते. आपलं शरीर जे कोलेस्टेरॉल स्वतः बनवतं, ते बनवणं ती कमी करते. रोज एक, लिहिली तेवढीच. मटण खाल्लं तर खाल्लं, त्याचं पाप त्या गोळीने फिटत नाही.

मी त्यांच्या बंडीच्या खिशात हात घातला. साडभाऊ म्हणून तेवढा हक्क होता. लाल गोळ्यांची अर्धी स्ट्रिप निघाली. सोबत सर्दीच्या गोळ्यांचा पत्ता आणि मी सकाळी दिलेली स्ट्रिपही निघाली. लाल गोळीत आयब्युप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल होतं, सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल, आणि माझी स्ट्रिप तर सबंध पॅरासिटामॉलच. नावं तीन, आत माल एकच. वेगवेगळ्या दुखण्यांच्या म्हणून तिन्ही घेतल्या असत्या तर डोस तिप्पट होऊन यकृताला वेगळा हिशोब द्यावा लागला असता. मी तिन्ही माझ्या खिशात टाकल्या.

“चला. डॉक्टर वाट पाहून राहिले.”

“कुठं? उद्या मंडई आहे माह्या घरी! सारे पाहुणे येतात, अन् घरधनी दवाखान्यात? लोक का म्हणतील?”

“लोक जेवतील आणि घरी जातील.”

“मी नाही येत जा. दुखते तर दुखते. मंडई झाली की पाहू.”

“भाऊ, मंडई झाल्यावर कदाचित नागपूरला जावं लागेल. किडनीच्या मशीनवर, डायलिसिसला.”

“तू घाबरवून राहिला मले.”

तेही खरं होतं. पण माझ्याकडे अंगणात दाखवायला रिपोर्ट नव्हता, यंत्र नव्हतं. कोपऱ्यातले काका म्हणायला लागले, “राहू दे ना बापा, एका दिवसानं का होते?” बायकांनी पुन्हा वाटायला घेतलं. विषय संपत चालला होता.

“बरं, एक करा,” मी म्हणालो. “उकिडवं बसा आणि हात न लावता उठा. उठलात तर मी निघालो. उद्या येऊन जेवतोही.”

“एवढंच?” नामदेवभाऊ म्हणाले. आयुष्यभर धानाच्या बांधीत वाकलेला माणूस. उकिडवं बसणं म्हणजे त्यांना खुर्ची. ते खाटेवरून उतरले, अंगणाच्या मध्ये आले, धोतराचा सोगा खोचला आणि ऐटीत बसले. बसले म्हणजे शेवटी आपटलेच.

“आता उठा.”

त्यांनी जोर केला. ढुंगण वीतभर उचललं गेलं आणि खाली आलं. पुन्हा जोर केला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. हात आपोआप जमिनीकडे गेला, तो त्यांनी मागे ओढला. कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्नच केला नाही. तसेच बसून राहिले. माझ्याकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं.

शकुताईने वरवंटा बाजूला ठेवला. हात धुतले.

“उचला त्यायले,” ती म्हणाली. “मंडई मी पाहून घेईन.”

“शकु, बकरा…”

“बकरा कुठं जात नाही. तुम्ही जा.”

काकांनी आणि मी दोन्ही बगलांत हात घालून त्यांना उभं केलं. गावातला एक ऑटो मिळाला. त्यात ते, मी आणि पाण्याची बाटली. सुनंदा बहिणीजवळ थांबली. ऑटोवाल्याने गाणी लावली होती, ती मी बंद करायला सांगितली. मग शांतता इतकी जड झाली की पुन्हा लावायला सांगितली.

डॉक्टरांनी पाहिलं, रक्त घेतलं, लघवी घेतली. बाटलीतला रंग पाहून त्यांनी रिपोर्टची वाट न पाहता सलाईन सुरू केलं. स्नायू फुटले की रक्तात एक एन्झाइम वाढतं. त्याची तपासणी असते, सीपीके. संध्याकाळी रिपोर्ट आला. आकडा इतका मोठा होता की लॅबवाल्याने मशीन चुकलं समजून तीच तपासणी पुन्हा केली होती. मशीन बरोबर होतं. आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती दमली आहे ते सांगणारा आकडा, तोही चढलेला.

“नागपूर?” मी विचारलं.

“अभी नहीं. सलाईन से धोते हैं. सुबह तक पेशाब खुल के होना चाहिए और क्रिएटिनिन ऊपर नहीं जाना चाहिए. गया तो एम्बुलेंस.”

नामदेवभाऊंनी ऐकलं. “मनोहर,” ते म्हणाले. बऱ्याच वर्षांनी त्यांनी माझं नाव घेतलं. “मशीन म्हणजे कायमचं का?”

“बहुतेक वेळा नाही.”

“बहुतेक म्हणजे?”

मला खोटं बोलता आलं नाही आणि खरं माहीत नव्हतं. “सकाळी पाहू,” म्हणालो.

सकाळी मी दुकान न उघडता दवाखान्यात गेलो. नर्सने लघवीची पिशवी वर धरून दाखवली. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी कौतुकाने पाहिल्या, मुलगी दहावीला पास झाली तो निकाल, स्वतःच्या दुकानाचा बोर्ड. पण त्या पिशवीइतकं टक लावून काही पाहिलं नसेल. रंग चहावरून उतरून गुळाच्या पाण्यावर आला होता. आणि भरपूर होती. क्रिएटिनिन तिथंच थांबलं होतं. वर गेलं नव्हतं.

“नागपूर कैंसल,” डॉक्टर म्हणाले. मी तिथल्या बाकड्यावर बसूनच सुनंदाला फोन लावला.

मंडई व्हायची ती झालीच. दुपारपासून पाहुणे बिरसीला जेवून सरळ दवाखान्यात यायला लागले. आजारी माणसाला भेटल्याशिवाय जायचं कसं? प्रत्येकाच्या हातात डबा. वॉर्डभर रश्श्याचा वास. शेजारच्या खाटेवरचा पथ्यावरचा माणूस कुशीवर वळून डोळे मिटून पडला. शेवटी नर्स दारात उभी राहिली. “ये हॉस्पिटल है या मेला है?” म्हणून तिने डबे बाहेरच ठेवून घेतले. तो शुगरवाला सोयराही आला. नामदेवभाऊंनी त्याच्याकडे बराच वेळ रागाने पाहिलं. त्याला बिचाऱ्याला कळेना, आपण काय केलं.

काही दिवसांनी ते घरी गेले. स्नायूंना भरून यायला बराच वेळ लागला. क्रिएटिनिन हळूहळू जागेवर आलं. स्टॅटिन डॉक्टरांनी कायमची बंद केली नाही. नामदेवभाऊंना वाटत होतं, बला टळली. पण नागपूरच्या हृदयवाल्या डॉक्टरांनी सगळे आकडे नीट झाल्यावर त्याच जातीतली दुसरी गोळी, लहान डोस, पुन्हा सुरू केली, आणि मध्ये मध्ये रक्त तपासत राहिले. ती त्यांना सोसली. अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल, तीही सांगितलेल्या मापात, आणि दुखणं नवीन वाटलं तर गोळी खाण्याआधी फोन. फोन ते करतात. सगळ्या वेळा करतात. मी जेवायला बसलो की हमखास करतात.

त्यांनी मला हाफ डाक्टर म्हणणं अजून सोडलं नाही. मीही सोडवायला गेलो नाही. पूर्ण म्हटलं तर फोन आणखी वाढतील.

मी मात्र एक केलं. आता माझ्या काउंटरवर कोणी दर्दची गोळी मागितली की हात मागच्या रॅककडे जाण्याआधी मी विचारतो, “रोजची कोणती गोळी चालू आहे? हृदयाची, बीपीची, चरबीची? आणि ती लिहिली तेवढीच घेता का?” गिऱ्हाईक वैतागतं. “एक पत्ता मांगा था, इंटरव्ह्यू ले रहे हो,” म्हणतं. कोणी रागाने कोपऱ्यावरच्या दुकानात जातं. मी विचारणं सोडत नाही. वैतागलेलं गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात स्वतःच्या पायांनी परत येतं, एवढा धंदा मला समजतो.